चाकं विसरणाऱ्याची खुर्ची

इद्वल प्यूला विमान चालवायचं होतं, बास! कोळशाच्या धुळीनं बापाची छाती भरली, तेव्हाच या वेल्श पोरानं ठरवलं होतं की आपण काही जमिनीच्या पोटात उतरायचं नाही. युद्ध पेटलं तसा तो भरती झाला आणि हट्टानं लढाऊ विमानांच्या प्रशिक्षण तुकडीत येऊन पोचला. त्या विमानांत जागा एकच. शिकवणारा खाली, आणि शिकणारा पहिल्याच दिवशी एकटा आभाळात.

आणि तिथंच याचं नाक कापलं गेलं. उतरताना गडी चाकं खाली सोडायलाच विसरला. विमान पोटावर फरफटत गेलं, पंख्याची पाती वाकली.

"हातपाय शाबूत आहेत ना? मग रडतोस कशाला?" शिक्षक हारकम साहेब कडाडले. "आणखी एक चूक, की घरी! खाणीत माणसं हवीच आहेत. जा, बस त्या गाडीत."

तुकडीचा रिवाजच होता तो. धावपट्टीच्या टोकाला एक डबागाडी उभी असे. चाकं विसरणाऱ्यानं तिथल्या खुर्चीत बसायचं, उतरणाऱ्या प्रत्येक विमानाची चाकं बघायची, नसली तर इशाऱ्याच्या पिस्तुलातून उजेडाचा लाल गोळा आभाळात उडवायचा, म्हणजे वैमानिक न उतरता परत वर जाई. सुटका कधी? दुसरा विसरभोळा सापडेल तेव्हा.

बाकीची पोरं उडत होती, हा खुर्चीत. मेकॅनिक बेरिल चहा घेऊन यायची आणि हसायची, "काय रे, अंडी उबवतोयस का?"

"हस, हस. पण इथून मी खाणीत जाणार नाही, सांगून ठेवतो."

एका दुपारी समुद्राकडून हारकम साहेबांचं विमान आलं. चाकं नव्हती! इद्वलनं पिस्तूल उचललं.

बेरिलनं त्याचा दंडच धरला. "साहेबांना लाल गोळा? वेड लागलं का तुला? चाकं न सोडताच डोक्यावरून घोंगावत जायची खोडच आहे त्यांना. उगाच उडवलास, तर तीच तुझी दुसरी चूक!"

इद्वलच्या कानात बापाचा खोकला वाजू लागला. पण विमान संथ येत होतं, आणि गंमत करणारा माणूस कधी एवढं संथ येत नाही. मरू दे ती खाण! त्यानं चाप ओढला.

लाल गोळा उडाला. विमान गर्जत वर उचललं गेलं, वळसा घालून आलं आणि चाकांवर उतरलं.

हारकम साहेब तडक गाडीत शिरले. चेहरा लालबुंद.

"कुणी उडवला?"

"मी, साहेब. चाकं नव्हती."

साहेबांनी हातमोजे काढून हात पुढं केला.

"आण ते पिस्तूल इकडे. आणि ऊठ माझ्या खुर्चीवरून!"

दुसऱ्या दिवशी इद्वल उडाला. उतरताना त्यानं खाली पाहिलं, तर साहेब डबागाडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून याच्याच विमानाच्या पोटाकडे डोळे लावून बसले होते.

चाकं खाली होती.