उघडी चांदी

दुकानात आले की ते काचेला नख टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "याहून जाड हवी, शेठ." भावाबद्दल अवाक्षर नाही.

घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. फुटपाथवर फोटोच्या फ्रेमा विकता विकता मी मुलुंडला काच-आरशांचं दुकान उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. हा माणूस मी सांगेन तो भाव देऊन मोकळा. जिंकल्यासारखं वाटायचंच नाही. असं एखादं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल.

राहायचे नाहूरला. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. त्यांना जहाजाच्या खिडकीच्या असतात तसल्या जाडजूड गोल काचा हव्या होत्या, दोन. दुर्बीण करायची म्हणाले. शेपटीवाला तारा येणार म्हणून तेव्हा जो तो दुर्बीण शोधत होता. मी तसं बोललो तर हसले.

"तो पाहुणा हो. येईल, जाईल. मला वस्तीला असलेले हवेत."

"कुठे वस्तीला?"

"वर."

काचा मिळवून मी स्वतः पोचवल्या. पुढे एकदा सहज डोकावलो, तर गॅलरीत पिंप, पिंपावर एक काच घट्ट बसवलेली, तिच्यावर दुसरी. मध्ये ओली, खरखरीत पूड. वरची काच दोन्ही हातांनी पुढेमागे घासत हे पिंपाभोवती फिरत होते. वरची अशी हळूहळू खोलगट होते म्हणे.

"प्रदक्षिणा चालू आहे," त्यांची बायको आतून म्हणाली. "मध्ये देव तेवढा नाही."

मी विचारलं, "आणि यातून ती वरची माणसं दिसणार?"

"छे हो. त्यांचा सूर्य दिसेल. लांबवर कुणाच्या अंगणात दिवा दिसला, की घरात कुणीतरी आहे असं वाटतंच ना? तेवढं मला पुरे."

निघताना बायको जिन्यापर्यंत आली. काचबिंदूने नवऱ्याचा एक डोळा गेला होता, दुसरा चालला होता. "डॉक्टर म्हणाले, बघायचं ते बघून घ्या. मी म्हटलं काशीला जाऊ. तर हे!"

वर्ष उलटून गेल्यावर ती काच ते दुकानात घेऊन आले, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. खोलगट बाजू पाण्यासारखी नितळ. त्या बाजूवर चांदी चढवायची, आणि ती उघडीच ठेवायची; ताऱ्याचा उजेड थेट तिच्यावरूनच परतायला हवा. मी कारागिराला तसं बजावलं. त्याने चढवलीही झकास.

पण आमच्या धंद्यात चांदी आरशाच्या पाठीला असते, आणि दमट हवेने ती खाऊ नये म्हणून तिच्यावर लाल रंग देतात. कारागिराचा सगळा जन्म त्यात गेलेला. ते न्यायला आले तेव्हा तो लालभडक काच पुढे करून म्हणाला, "उघडी चांदी काळी पडात, शेट. म्हणान दोन हात रंग लावलंय." वरचा हात त्याने आपल्या मनाने जास्तीचा दिला होता.

मी ओरडलो. तो घाबरला, आणि मी हात धरीपर्यंत रोजच्या सवयीने त्याने ब्लेडची पत्ती घेऊन रंग खरवडला. रंग गेला, चांदी गेली, आणि काचेवर ओरखडे उठले, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

त्यांनी काच डोळ्याजवळ नेली. मग आणखी जवळ.

"नवी देतो," मी म्हटलं. "दोन देतो. घासायला माणूस ठेवतो. बोला काय ते!"

"तेवढा वेळ डोळा थांबायचा नाही, शेठ." कारागिराला म्हणाले, "तू चांगलंच करायला गेलास रे." काच लुगड्यात गुंडाळली आणि निघाले. मला भांडूसुद्धा दिलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी दहा ऐकून घेतल्या असत्या. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उन्हाळ्यात मीच नाहूरला गेलो, दोन नव्या काचा घेऊन. बायकोने दार उघडलं, काचा पाहिल्या आणि नाही म्हणून मान हलवली. स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी होती. फोडी वर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर ती ओरखड्यांची गोल काच दाबून ठेवलेली, तेलात अर्धी बुडालेली. "जड आहे, बरी बसते," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं."

ते खिडकीशी बसले होते. भर दुपारचं ऊन तोंडावर येत होतं, पापणी लवत नव्हती. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे नाही, दाराकडे तोंड वळवून.