रायफलीतला फणस

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक माड मारला जायचा.

माड तोच, विहिरीजवळचा, जरासा वाकडा. मारणारा माझा नवरा, रमाकांत. चहा झाला की ते रायफल घेऊन पडवीत बसायचे, माडावरच्या एका शहाळ्यावर नेम धरायचे, श्वास रोखायचे आणि चाप ओढायचे. खट्! रायफलीत गोळी नसायचीच. शहाळं जागच्या जागी असायचं. रमाकांत मात्र तृप्त.

"लागली," म्हणायचे.

"कुठं लागली? शहाळं तिथंच आहे."

"मेलंय ते. पडेल सावकाश."

(नारळ काय, कधी ना कधी पडतोच. पडला की त्याचं श्रेय हे घ्यायचे!)

रायफल माझ्या सासऱ्यांनी शेतीच्या रक्षणासाठी परवाना काढून घेतलेली. शत्रू रानडुकरं. सासऱ्यांनी तिचे काही आवाज तरी काढले. रमाकांतच्या नावावर परवाना आल्यापासून डुकरांचे सोन्याचे दिवस आले. डुक्कर समोर दिसलं की हे आधी त्याला "हाड्!" म्हणायचे. डुक्कर निघून जायचं. मग हे रायफल आणायला आत यायचे.

पण सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. रिकामा चाप ओढायचा तरी आधी रायफल उघडून आत गोळी नाही हे दोन माणसांनी बघायचं. एकानं नाही, दोघांनी. गोळ्या वेगळ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, तरीही बघायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी पडवीतून हाक यायची, "येतेस का गं जरा?" आणि मी पिठाच्या हातांनी बाहेर जायची, वाकून आत डोकवायची आणि म्हणायची, "रिकामी."

त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं.

"आणि अशी रिकामी मारून मारून एक दिवस आतली पिन मोडणार आहे."

"मोडत नाही."

"मोडते! लोखंड आहे ते. आपटून आपटून काय होईल?"

"आपटतच नाही ती कशावर. तुला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. पण मोडत नाही."

आमचा संसार ह्या एका भांडणावर उभा होता. बाकी सगळ्या विषयांवर आमचं एकमत होतं, कारण ते विषय मी ठरवायची.

रमाकांत गेले ते झोपेत, कुणाला त्रास न देता. माणूस तसा शिस्तीचा. रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली आणि मी कामाला लागले. मी रडत बसणाऱ्यांतली नाही. बाग होती, कलमांची फवारणी होती, गडी वेळेवर येत नव्हते. दिवस भराभर जायचा. फक्त संध्याकाळी चहा झाला की कान आपोआप पडवीकडे लागायचे. तिकडून काही यायचं नाही. मग मी उठून मिक्सर लावायची. (त्या वर्षी आमच्याकडे चटण्या फार झाल्या. पुण्याला मुलीकडे डबे गेले, शेजारी गेले, शेवटी शेजारी मला बघून दार लोटायला लागले.)

परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा अर्ज मी केला. कारण विचारलं तर डुकरं आणि वानर. खोटं नव्हतं. वानरांनी त्या वर्षी शेवग्याचं एक झाड सोललं होतं.

बऱ्याच खेपांनंतर रायफल घरी आली. मी तिला पुसली, चहा केला, प्यायले आणि पडवीत रमाकांतच्या खुर्चीत बसले. नेम धरायचा, खट् करायचं, उठायचं आणि भाजी फोडणीला टाकायची, असा साधा बेत. बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, मागे ओढून आत बघितलं. रिकामी. आणि मग लक्षात आलं की दुसरं माणूस कुठून आणायचं?

मी केतकीला, माझ्या मुलीला, पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"केतकी, आत बघ. रिकामी आहे?"

"आई! मी मीटिंगमध्ये आहे! स्क्रीनवर सगळ्यांना दिसतेयस तू!"

"मग सगळ्यांनीच बघा. रिकामी आहे ना?"

 पलीकडून एक अनोळखी पुरुषी आवाज अदबीनं म्हणाला, "हो काकू. रिकामी दिसतेय."

मी फोन ठेवला आणि चाप ओढला. खट्!

आवाज तोच होता. अगदी तोच. भाजी त्या दिवशी फोडणीला पडलीच नाही. मोहरी संपली होती. दुसरं काही नाही.

थोड्या वेळानं केतकीचा फोन आला. आधी ती ओरडली, मग म्हणाली, "बाबांसारखं करत होतीस?" मी म्हटलं, "वानर होता." ती म्हणाली, "बरं." आणि मग, आमचीच मुलगी असल्यामुळे, म्हणाली, "मी नेटवर बघितलंय. पिन मोडते का ते."

मी सावरून बसले.

"काडतुसाच्या बुडाला बरोबर मधोमध टिकली असते ना, तिला सेंटरफायर म्हणतात. तसल्या रायफलीत आत काही नसलं तरी पिन पुढे येऊन थांबते, कशावर आदळत नाही. बहुतेक काही होत नाही. रिमफायर म्हणून असते, तिची पिन काडतुसाच्या काठावर मारते. ती रिकामी मारली तर पिन थेट लोखंडावर आपटते. तसली रिकामी मारायची नाही. आपली कुठली?"

खणात सासऱ्यांच्या वेळच्या एका उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. बघितली. टिकली मधोमध.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं!" केतकी म्हणाली.

"'बहुतेक' म्हणजे काय?"

"म्हणजे बहुतेक, आई. फार जुन्या असतील तर काहींच्या पिना जातात म्हणे. त्यासाठी खोटं काडतूस मिळतं. ते आत घालून मारायचं, म्हणजे पिनीला मऊ लागतं."

मी त्या 'बहुतेक'पाशी अडकले. आमची रायफल जुनी होती. रमाकांतनी तिला रोज खट् केलेलं होतं, पावसाळ्यातसुद्धा.

त्यात शेजारून बाळाभाऊजी आले. रमाकांतचे चुलतभाऊ, मुंबईत नोकरी करून परतलेले, आणि परतल्यापासून सगळ्यांना सल्ला देण्याच्या नोकरीत.

"काय ओ वहिनी, मघाशी खट् झालं? मी म्हटलं, दादा आला की काय!"

"मी होते."

"तुम्ही? अहो, त्या रायफलीत काय राहिलंय आता! दादानं खटखट करून पिनीची पार सुई केली असेल. त्यात निवडणूक लागतेय. ठाण्यात जमा करायला लागणार. तिथं उघडून बघतील, निकामी आहे म्हणतील, परवाना रद्द! त्यापेक्षा विकून मोकळ्या व्हा."

"निकामी रायफल घेणार कोण?"

"तेच तर मी म्हणतोय!"

(बाळाभाऊजींचा मुद्दा गोल असतो. कुठूनही धरता येत नाही.)

पण त्यांनी मला घाबरवलं हे खरं. भाऊजींचं बोलणं म्हणजे कायदा नव्हे, पण पिन खरोखरच गेलेली असली तर? रायफल गेली असती. संध्याकाळचा खट् गेला असता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मी जिंकले असते. इतकी वर्षं जे भांडण जिंकायला मी जिवाचं रान केलं, ते आता हरावं म्हणून मी देवाजवळ दिवा लावला!

तोवर पिनीला जपायला हवं होतं. खोटं काडतूस विकत आणायला चिपळूण गाठावं लागलं असतं. मी व्यवहारी बाई. घरात पुंगळी आहे, तिची जुनी टिकली काढायची, त्या जागी मऊ काहीतरी बसवायचं, झालं! टिकली खिळ्यानं काढली. हवाई चपलेचं रबर कातरून तिथं बसवलं. ते पडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. चिकटवायला काही हवं होतं, आणि नेमका त्या दिवशी मी फणस फोडायला घेतला होता.

फणसाचा चीक ज्यांनी हातावर अनुभवलेला नाही त्यांना मी काय सांगणार! तो साबणाला दाद देत नाही. मी काडीवर मस्त गोळा घेतला, रबराला लावला, पुंगळीला लावला, थोडा जास्तच लावला. पुंगळी रायफलीत बसवली, बोल्ट बंद केला आणि चाप ओढला.

खट् नाही. 'थप्' झालं. फणसाची आठळ चिखलात पडावी तसं.

बोल्ट वर उचलला गेला, पण मागे येईना. मी ओढला. येईना. पाय भिंतीला लावून ओढला. येईना. मग मी बाळाभाऊजींना हाक मारली, ह्यावरून परिस्थिती किती वाईट होती ते समजा.

"काय केलंत हे, वहिनी?"

"पिन वाचवली."

भाऊजींनी दोन्ही हातांनी बोल्ट धरला, "जय हनुमान!" म्हटलं आणि ओढला. बोल्ट हलला नाही. हात सोडायला गेले तर हातही हलेना! माझ्या बोटांचा चीक बोल्टला लागला होता.

"वहिनी, खोबरेल आणा!"

"हलू नका. नळी माडाकडेच ठेवा."

"मी कसला हलतोय!"

खोबरेलानं भाऊजी सुटले. रायफल सुटली नाही. चीक आतल्या आत पुंगळीच्या अंगाला पसरून सुकला होता. शेवटी रायफल कापडात गुंडाळली, परवाना घेतला आणि भाऊजींच्या गाडीतून चिपळूणच्या बंदूकवाल्याकडे निघालो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. चीक गरम होऊन त्याचा असा काही दरवळ सुटला की सावर्ड्यापर्यंत दोन माशा आणि एक गांधीलमाशी आमच्याबरोबर प्रवास करत होत्या. भाऊजी एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्यानं माशा हाकलत होते.

बंदूकवाले चांगले जाडजूड गृहस्थ होते, स्वतःच्या आवाजावर खूश. त्यांनी रायफल घेतली, तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि थांबले. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"बाई, ह्यात फणस आहे का?"

"चीक आहे. गरे नाहीत."

"कापा की बरका?"

"बरका."

"तरीच!" ते समाधानानं म्हणाले. "बरक्याचा चीक फार वाईट. आत पुंगळीच आहे ना? गोळी नाही?"

"पुंगळीच. मीच घातली."

"घालताना दुसऱ्या कुणी बघितलं होतं?"

त्यांनी आपलं सहज विचारलं. मी समोरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघितलं.

"नाही," म्हटलं. "बघायला कुणी नव्हतं."

"मग मी भरलेलीच धरून चालणार," म्हणाले, आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर घालवलं. आतून तेलाचा वास, ठोकल्याचा आवाज आणि मधूनच "अरे देवा!" येत राहिलं. मी पदर पिळत बसले होते. भाऊजी म्हणाले, "मोडलेली असली तरी वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, "गप्प बसा."

हाक आल्यावर आत गेलो. पुंगळी टेबलावर होती, चपलेच्या रबरासकट. बंदूकवाल्यांनी बोल्ट खोलून पिन काढली होती आणि भिंगातून बघत होते.

"कोण म्हणालं पिन गेली?"

"हे म्हणाले," मी. "मीही म्हणायची."

"टोक बघा! गोल, गुळगुळीत. ह्या जातीच्या रायफलीला रिकाम्या चापानं सहसा काही होत नाही. जपायचं असेल तर खोटं काडतूस घ्या, माझ्याकडे आहेत. पण बाई, फणस नको. रायफल पन्नास वर्षं रिकामी मारली असतीत तरी जेवढं झालं नसतं, तेवढं तुम्ही एका दुपारी केलंत! कोण मारायचं रिकामी?"

"आमचे मिस्टर."

"सांगा त्यांना, तुमचं बरोबर होतं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

गाडीत बसले तेव्हा माशाही नव्हत्या. सावर्डं मागे पडेपर्यंत मी मनात मुद्दे जुळवत होते. मग राहवेना.

"भाऊजी, तसं बघाल तर माझंही चूक नव्हतं. जुन्या रायफलींच्या पिना जातात असं केतकीच म्हणाली."

"खरं आहे," भाऊजी म्हणाले.

"बंदूकवालेसुद्धा 'सहसा' म्हणाले. 'कधीच' नाही म्हणाले."

"बरोबर."

"शिवाय मी रोज टोकत होते म्हणून ते हळू ओढायचे. म्हणून पिन टिकली!"

"पटलं, वहिनी. पूर्ण पटलं."

मला संताप आला. एवढे बिनतोड मुद्दे आणि समोरचा माणूस 'पटलं' म्हणतो! असं कुणी भांडतं का? रमाकांत असते तर ह्या शेवटच्या मुद्द्याला "चाप हळू ओढला काय नि जोरात ओढला काय, पिन तेवढ्याच जोरानं जाते" असं म्हणून मोकळे झाले असते.  मी मनाशीच दुसरा मुद्दा काढला. त्यावरही ते काय म्हणाले असते ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

हातखंबा यायच्या आत मी हरले होते. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, एकट्याच काय पुटपुटताय?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही गाडी हळू चालवा, अजून एक मुद्दा राहिलाय."