थंड रोलरची हाक

भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्या मासिकांविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटलेली आहेत. तेव्हा हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे. पण जे घडलं ते भर दुपारी, आठ-दहा माणसांसमोर घडलं… आणि ते दडपणं हाही खोटेपणाच.

दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी दाबायचं काम चाललं होतं. रोलर वाफेवरचा. त्याची शिट्टी महिनाभर बंद होती. मजुरांनी ठेकेदाराला दोनदा सांगूनही ती दुरुस्त झाली नव्हती. सोमा नावाचा गोंड मजूर पाठमोरा खडी पसरत असताना रोलर मागून आला आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

कायद्याप्रमाणे मालकानं भरपाई द्यायलाच हवी. पळवाट एकच — मजुरानं सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडला असेल तर. ठेकेदारानं नेमकी तीच धरली. ड्रायव्हर शंकरनं जबाब दिला, मी ओरडलो होतो, सोमा हटला नाही.

मजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता म्हणून मी दवाखान्यात सोमाकडून खरं-खोटं करायला गेलो, तर तो म्हणाला, "हाक आली होती, भाऊ. पन एकच आली. जंगलात एका हाकेले कोनी पलटते का?"

इकडच्या रानात पहिली हाक माणसाची नसते असं मानतात. दुसरी आली तरच वळायचं. मी संतापलो. पाय गमावलेल्या माणसाला मी त्याच्या अडाणीपणावर व्याख्यान दिलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

मग भरपाईचा निकाल देणारे चौकशीचे साहेब जागा पाहायला आले. रोलर तिथेच उभा होता — भट्टीत विस्तव नाही, वर माणूस नाही. त्याच्या चाकाकडे पाठ करून ठेकेदार हसत बोलत होता, "साहेब, बहिरा असता तं गोष्ट अलग होती. हा तं आयकून उभा राह्यला."

साहेब लिहू लागले. तेवढ्यात रोलरवरून हाक आली.

"बाजूले हो!"

एकदाच. आवाज शंकरचा. आणि शंकर माझ्यासमोर उभा होता, ओठ मिटलेले.

कोणी हललं नाही. खडीवरच्या बायांनी माना खाली घातल्या. मी — विवेकाची पत्रकं लिहिणारा मी — वळू शकलो नाही. आधी वळले ते साहेब. रोलरवर कोणी नव्हतं. त्यांनी भट्टीचं दार उघडलं. आत जुनी राख. कोण ओरडलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग ठेकेदाराकडे पाहिलं.

"तुम्ही तर चाकासमोर उभे आहात. का नाही हटलात?"

ठेकेदार चाकापासून बाजूला झाला.

"मग सोमानं मुद्दाम केलं म्हणता कशावरून?"

निकालात त्यांनी लिहिलं, की एक हाक म्हणजे शिट्टी नव्हे. सोमाला भरपाई मंजूर झाली. त्या आवाजाबद्दल निकालात अवाक्षर नाही. मीही आग्रह धरला नाही. सोमाची माफी मात्र मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ. तुमी शयरातले."

शंकरनं ती नोकरी सोडली. पावसाळ्यानंतर मूल गावच्या बाजारात भेटला, मला बाजूला घेऊन गेला.

"भाऊ, सोमाचा पाय गेला त्या दिवशी मी ओरडलोच नव्हतो. भट्टीत लाकडं टाकून राह्यलो होतो, समोर पाह्यलंच नाई. ठेकेदारानं म्हनायले लावलं, म्हनून म्हनलो."

म्हणजे सोमानं जी ऐकली ती हाक कुणाची? आणि आम्ही ऐकली ती?

भूत मी आजही मानत नाही. पण एका माणसाला सावध करणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही. दुसऱ्या कोणीतरी केलं. कोणी, ते मला ठाऊक नाही.