चष्म्याच्या काडीवरचे माइक

गाणं ऐकायला जायचं आणि येताना ते बरोबर घेऊन यायचं, हा माझा जुना नाद. जळगावात पाइपच्या कारखान्यात मी माल तपासायचं काम करतो. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहिल्यामुळे असेल, पण रविवारी कुठे मैफल आहे असं कळलं की मी तिथे पोचलेला असतो.

बरीच वर्षं मोबाइलवरच भागवलं. शर्टाच्या खिशात फोन ठेवायचा आणि बटण दाबून बसायचं. घरी येऊन ऐकलं की तानपुऱ्याच्या जागी खिशाच्या कापडाची खसखस, आणि तबलेवाल्याने जरा जोरात थाप मारली की आवाज फाटलेला. मग एक छोटा रेकॉर्डर घेतला. त्यात फाटणं कमी झालं, पण गाणं हळू झालं की मागे सारखी बारीक फुसफुस, जणू शेजारी कुणीतरी कुकर लावून ठेवलाय. बायको म्हणाली, "अहो, हे ऐकताना मला गॅस बंद करावासा वाटतो."

शेवटी गेल्या हिवाळ्यात मनावर घेतलं आणि नवं सामान मागवलं. मटारच्या दाण्याएवढे दोन माइक, आणि त्यांचा नाजूक आवाज रेकॉर्डरमध्ये जाण्याआधी वाढवून देणारी एक डबी. तिला प्रीअँप म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत बॅटरी आणि कडेला फिरवायचं एक बटण. पार्सल उघडल्यावर बायकोने ती डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "एवढ्यासाठी तुम्ही रोज गेटवर जाऊन उभे राहत होतात?"

पहिला प्रयोग जळगावातच केला. माइक कॉलरच्या दोन टोकांना लावले, वायरी शर्टाच्या आतून नेल्या. घरी येऊन हेडफोन लावला तर आवाज काय स्वच्छ! तानपुऱ्याची तार न् तार वेगळी. पण थोड्या वेळाने मला गरगरायला लागलं. गायक डाव्या कानातून उजव्या कानात जायचा, तिथे जरा थांबायचा, परत डावीकडे यायचा. बायकोने ऐकलं आणि ती हसायलाच लागली. "हा माणूस झोपाळ्यावर बसून गात होता का?"

झालं होतं असं, की समेवर मी डोलतो. नुसती मान नाही, कमरेपासून डोलतो. माझ्याबरोबर माइकही डोलले.

"मला द्या ते," ती म्हणाली. "मी हलत नाही."

तिने काळ्या दोऱ्याने दोन्ही माइक चष्म्याच्या काड्यांना बांधले, कानाच्या जरा पुढे. वायरी केसांतून अंबाड्यात आणि पदराखालून पर्समध्ये. पर्समध्ये डबी आणि रेकॉर्डर. समोरून बघणाऱ्याला फक्त एक चष्मा लावलेली बाई दिसायची. मी तिच्याभोवती दोन-तीनदा फिरून खात्री केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धुळ्याला सकाळची मैफल होती. तिथले संयोजक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी आधीच फोन करून परवानगी मागितली होती. त्यांनी गायिकाबाईंना विचारलं आणि कळवलं, "बाई हो म्हणाल्या. पण समोर काठ्या, वायरी काही दिसायला नको. मागच्या वेळी एकाचा स्टँड ऐन तराण्यात आडवा झाला."

आम्ही एरंडोल, पारोळा करत वेळेवर पोचलो. नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठे शे तुमचं मशीन?" मी बायकोकडे बोट दाखवलं. नानांनी तिच्या चष्म्याकडे बघितलं, मग जवळ येऊन बघितलं. "बठ्ठं येस का यानामा?" सगळं येतं का यात, असं अहिराणीत विचारून ते मान हलवत तानपुऱ्यांकडे गेले.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. बाईंचं वय झालेलं, पण आवाज ठणठणीत. तोडी सुरू झाली. कर्णे मोठे होते, म्हणून मी डबीचं बटण अगदी खाली ठेवलं होतं, म्हणजे आवाज फाटायला नको. आलाप संपून बंदिश रंगात येत होती आणि वीज गेली.

कर्णे गप्प झाले. पंखे हळूहळू थांबले. व्यासपीठाच्या कडेला ज्या लॅपटॉपवर नानांच्या मंडळाचं रेकॉर्डिंग चालू होतं, त्याला आवाज मिळणंही बंद झालं. नाना जनरेटरकडे धावले. बाईंनी हाताने त्यांना थांबवलं, समोरचा माइक बाजूला सारला आणि गात राहिल्या.

पंख्यांची घरघर गेल्यावर त्या हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी कधी अनुभवली नव्हती. लोक श्वाससुद्धा जपून घेत होते. बाईंचा आवाज आता थेट गळ्यातून येत होता, लहान आणि फार जवळचा. आणि आमचं बटण तळाला.

मी बायकोच्या कानाशी कुजबुजलो, "वाढव." तिने व्यासपीठावरची नजर हलवली नाही. हात तेवढा पर्समध्ये गेला. चेन वाजेल या विचाराने ती पर्स तिने आधीपासूनच उघडी ठेवली होती. बोटांनी चाचपून तिने बटण फिरवलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

वीज आली तेव्हा तोडी संपत आली होती. कुणी टाळीही लवकर वाजवली नाही.

नंतर भरीत-पुरीच्या पंगतीत बाईंनी नानांना विचारलं, "मधलं काही आलं असेल का हो तुमच्याकडे?" नानांचा चेहरा पडला. मग त्यांना आम्ही आठवलो. त्यांनी आम्हाला हात धरून बाईंसमोर नेलं.

बाईंनी हेडफोन लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. फुसफुस नाही, फाटणं नाही, कुणाचीतरी बांगडी दूर किणकिणलेली तेवढी. मग त्यांनी डोळे उघडले. "छान आलंय. पण माझ्याबरोबर ही दुसरी कोण गातेय?"

मी घाईने हेडफोन घेतला. खरंच, बाईंच्या आवाजाखाली एक अगदी बारीक गुणगुण होती. तोंड मिटून केलेली. बायकोच्या शेजारी बसूनही मला ती ऐकू आली नव्हती. माइक मात्र तिच्या गालाशीच होते.

बायको लालबुंद झाली. "मी? मला कळलंच नाही."

"मी काढून देतो," मी म्हणालो. "घरी जाऊन साफ करता येईल थोडंफार."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "सुरात आहे. एका जागी तर माझ्याआधी कोमल गंधारावर जाऊन बसलीये." मग बायकोला जवळ बसवून विचारलं, "शिकलात कुठे?"

"लहानपणी, भडगावला. लग्नाआधी सुटलं."

मला हे माहीत होतं, म्हणजे ऐकलं होतं. लग्न ठरताना कुणीतरी म्हणालं होतं, मुलीला गाणं येतं. पुढे आमच्या घरी गाणं म्हणजे माझा नाद, असंच धरून चाललं होतं. बाईंनी तिला जळगावातल्या त्यांच्या एका शिष्येचं घर सांगितलं. "मी पाठवलंय म्हणा."

परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "सकाळची वेळ असेल तर जमेल. तुमचा डबा थोडा लवकर होईल."

ती आता आठवड्यातून दोनदा जाते. आल्यावर भाजी चिरताना पलटे म्हणते, आणि मी काही बोलायला लागलो की हाताने थांब म्हणते. धुळ्याची ती तोडी आम्ही बाईंना पाठवली, नानांनाही पाठवली. नानांचा लगेच फोन आला. मी उचलला तर म्हणाले, "तुम्ही नको. ताईंना द्या."