उंची वजा आसन

सायकलच्या दुकानदारानं फोनवर विचारलं, "पायाचं माप किती आहे?" आणि मी सदतीस इंच सांगून मोकळी झाले. पलीकडून त्यानं "सदतीस?" असं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "अरे वा, चांगल्याच उंच आहात तुम्ही." मला तोवर कुणी उंच म्हटलं नव्हतं, त्यामुळं मी खूश झाले. चूक तिथंच झाली होती, पण ती कळायला चार दिवस आणि एसटीचा अर्धा प्रवास जावा लागला.

तेव्हा मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणी काही सांगितलं की समोर मान हलवायची आणि खोलीवर येऊन त्याचा अर्थ शोधायचा, ही माझी पद्धत. सायकल मात्र मला खरोखर येत होती. मुखेडजवळच्या आमच्या गावातून शाळेला जायचा रस्ता मुरमाचा होता आणि मध्ये ओढा होता, एवढंच त्याचं कारण. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला शहराबाहेरच्या माळावर कॉलेजच्या जुन्या सायकलवर चकरा मारायला लावल्या आणि एक दिवस म्हणाले, "महिन्यानं विद्यापीठाच्या क्रॉस-कंट्री सायकल संघाची निवड आहे. ही सायकल दुसऱ्याला द्यावी लागेल. तू स्वतःची आण. हार्डटेल घे. पुढं शॉकअप, मागं काही नको. चढावर मागची स्प्रिंग तुझा सगळा जोर खाऊन टाकते."

मी मान हलवली.

"आणि साइज नीट बघ. टायर बदलता येतात, सीट बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही."

मी पुन्हा मान हलवली.

शिष्यवृत्ती आणि आईनं बाजूला ठेवलेले पैसे मिळून एकच सायकल येणार होती. चुकली तर दुसरी नाही, आणि सायकल नाही तर निवडही नाही. नांदेडच्या ज्या दुकानांत मी गेले तिथं पुढं-मागं स्प्रिंग असलेल्या चकचकीत सायकली होत्या. सीटवर बसलं की त्या झोपाळ्यासारख्या हलत. शेवटी लातूरच्या एका दुकानाचा नंबर मिळाला.

माप कसं घ्यायचं हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. माझ्या खोलीत आणखी तीन मुली राहत होत्या. त्यांच्यासमोर तसं पुस्तक धरून उभं राहणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मी लहानपणापासून जे पाहत आले तेच केलं. आई मुखेडला शिवणकाम करते, ब्लाउज, ड्रेस, शाळेचे गणवेश. तिच्याकडं पायाचं माप म्हणजे कमरेपासून टाचेपर्यंत. दुकानदार म्हणाला, "मग एल साइज. एकच राहिली आहे. शनिवारपर्यंत ठेवतो. पण एकदा विकली की परत घेत नाही हां."

शनिवारी सकाळी आई मुखेडहून नांदेडला आली आणि आम्ही दोघी लातूरच्या एसटीत बसलो. अहमदपूर मागं पडल्यावर आई म्हणाली, "सायकलीवर घालायला तुला पँट शिवून देते. वाकून बसायचं म्हणल्यावर आसन जरा सोडून धरावं लागंल." आसन म्हणजे पँटीचा कमरेपासून दोन्ही पाय फुटतात तिथपर्यंतचा भाग. मग तिनं सहज विचारलं, "दुकानदाराला काय माप दिलीस?"

"सदतीस."

"कुठून धरून?"

"कमरेपासून. तू घेतीस तसंच."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "माय माय! ते सलवारीचं माप झालं की गं. सायकलीला काय नाडी घालायची हाय का?"

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून हसली. माझे कान तापले.

"दोन्ही पाय खाली टेकवायचेत ना तुला? मग आसन वजा कर. सदतीस उंची, धा आसन. ऱ्हायले किती?"

"सत्तावीस."

"मग वरचे धा इंच कुणाचे सांगितलीस?"

मी ज्या गोष्टीसाठी इतके दिवस मोबाइल चाळला, ती जन्मात सायकलवर न बसलेल्या आईनं दोन वाक्यांत सोडवली होती.

"फोन लाव त्याला."

"रेंज नाही," मी म्हणाले. रेंज होती.

तिथून लातूरपर्यंत दुकानदार काय म्हणेल हेच माझ्या डोक्यात होतं. त्यानं चार दिवस आपल्यासाठी सायकल ठेवली. आता म्हणेल, तुमच्या भरवशावर मी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं. म्हणेल, साधं माप सांगता येत नाही आणि निघाल्या शर्यतीला. सीट अगदी खाली केलं तर मोठी सायकल चालेल का? पण सर म्हणाले होते, फ्रेम बदलता येत नाही. चाकूर गेलं तरी मी मनात वाक्य जुळवत होते, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य भिकाऱ्यासारखं वाटत होतं.

दुकानाची फरशी लखलखत होती. आईनं दारातच चपला काढल्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचीही लाज वाटली. आतून दुकानदार काळीभोर सायकल घेऊन आला. मी नाव-गाव सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. उंच मुलगी अजून यायची आहे असं त्याला वाटलं असावं.

"बघा उभं राहून."

मी दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले. सायकलची आडवी नळी खालून टोचत होती.

"कसं वाटतंय?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोरच्यानं विचारलं की बरोबर आहे म्हणायचं, एवढंच अंगात भिनलेलं होतं.

"माझ्याकडं बी बाया आसंच म्हणत्यात," आई दारातून म्हणाली. "आरशापुढं समदं बरोबर हाय. घरी जाऊन खाली बसलं की उसवतंय. टाचा बग तुझ्या."

माझ्या टाचा फरशीपासून दोन बोटं वर होत्या.

आता पुढचं आईच बोलेल असं मला वाटलं. पण ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. कोपऱ्यात पंक्चर काढणारा माणूसही थांबून बघत होता.

"माझं माप चुकलंय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दुकानदारानं "काय?" विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. "माप चुकलंय. मी कमरेपासून घेतलं होतं."

तो हसला. "मी पण म्हणलं, सदतीस! मुखेडला एवढं कोण वाढलं?" मग डोकं खाजवत म्हणाला, "माझं बी चुकलंच. नुसती उंची विचारली असती तरी कळलं असतं."

पण त्यानं सगळं सुटलं नाही. तीच सायकल लहान मापात यायला महिना लागणार होता, म्हणजे निवड होऊन जाणार. दुकानात एस साइजची एक होती, मागच्या वर्षीची, फिकट पोपटी, पुढचा शॉकअप साधा स्प्रिंगचा, वजनाला जड. "शर्यतीला काळीच भारी," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा."

दुकानामागं मोकळा प्लॉट होता, खडीचा ढीग आणि छोटा उतार. तिथं मी आधी काळी चालवून पाहिली. ती हलकी होती, नुसतं पायडल मारलं की पळत होती. उतारावर मी ब्रेक दाबला, पाय जमीन शोधत खाली गेला, आणि जमीन सापडलीच नाही. मी सायकलसकट आडवी झाले. कोपर सोलून निघालं.

"सवय होईल," दुकानदार म्हणाला.

मग मी पोपटी घेतली. ती चढावर जड गेली, खडीवर तिचा शॉकअप ठक्‌ ठक्‌ वाजला. त्याच उतारावरून मी दोनदा खाली आले आणि दोन्ही वेळा पायाचा विचार मनात आला नाही.

"हिचा शॉकअप पुढं बदलता येतो का?" मी विचारलं. त्या दिवसातला तो माझा पहिला प्रश्न.

"येतो की."

"आणि काळीची फ्रेम?"

"ती कशी बदलणार?" तो हसला. "पोपटीच काढू का मग?"

मी मान हलवली, पण या वेळी मला कशाला मान हलवतेय ते माहीत होतं.

तरी निवडीच्या दिवसापर्यंत मला धड झोप लागली नाही. सुरुवातीच्या रेषेवर माझी सायकल सगळ्यात जड दिसत होती आणि एक मुलगी तिच्या रंगाकडं बघून हसली. पहिल्या चढावर मी मागं पडले. काळी घ्यायला हवी होती, पूर्ण चढभर हेच डोक्यात. दुसऱ्या फेरीत कोरड्या ओढ्यात वाळूवर मागचं चाक घसरलं. पाय खाली गेला, जमिनीला लागला, आणि मी पुन्हा पायडलवर होते. त्याच वाळूत पुढच्या दोघी पडल्या.

संघाच्या यादीत माझं नाव शेवटी होतं, राखीव म्हणून. मी लगेच आईला फोन लावला. तिनं निवडीचं विचारलंच नाही.

"पँटीचं आसन कुठं ओढायलं का गं?"

"नाही. बरोबर आहे."

"उबी हायस का बसलीस?"

मी उभी होते. मी तिथंच मुरमावर खाली बसले, आणि मग तिला सगळं सांगितलं.