न तपासलेलं पातं

पहाटे चार वाजता जयसिंगराव शिंगाडे उठत. मिलची पाळी सातला. मधले तीन तास त्यांचे स्वतःचे. पहिला तास धार, दुसरा नेम, तिसऱ्यात आंघोळ, भाकरी आणि इंदूरच्या परदेशीपुऱ्यातून मिलच्या फाटकापर्यंत चाल. हा क्रम मी तीन वर्षं रोज पाहिला. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती. मिलमध्ये मी वर्कशॉपात लेथवर, ते कार्डिंग खात्यात. कापूस विंचरणाऱ्या तारा घासून बोथट होतात, त्यांना धार लावायचं काम त्यांचं.

त्याआधी ते होळकरांच्या शिकारखान्यात होते. वडीलही तिथेच. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्य भारतात गेलं आणि शिकारखाना मोडला. जयसिंगरावांच्या वाट्याला एक कमठा म्हणजे धनुष्य, बाणांचा भाता आणि धार लावायचा एक दगड आला. त्यांना धार येत होती, मिलला धार लावणारा हवा होता. पगार कमी होता. तक्रार मी ऐकली नाही.

शिकारीच्या बाणाला पुढे रुंद पातं असतं, दोन्ही अंगांना धार असलेलं. गोळी धक्क्यानं मारते. बाणाला धक्का नसतो, तो फक्त कापतो. धार चांगली असेल तर जनावर शंभर पावलांत रक्त जाऊन पडतं. धार नसेल तर पातं आत शिरतं खरं, पण नस कापत नाही, बाजूला सारतं. वरची जखम मिटते, रक्त थांबतं, माग सापडत नाही. आणि जनावर जिवंत असतं, चिडलेलं असतं.

म्हणून जयसिंगरावांकडे दोन संच होते. बारा पाती सरावाची, बारा शिकारीची. सराव वस्तीमागच्या नाल्याच्या काठावर, मातीच्या ढिगात. मातीत वाळू असते. धारेचं पातं एकदा मातीत गेलं की तासाभराची मेहनत गेली. पण सरावाचं पातं हलकं किंवा जड असलं तर बाणाची चाल बदलते आणि तो सराव खोटा ठरतो. म्हणून चोवीस पाती एका वजनाची हवीत. ती तोलायला ते सराफ्यात सोनाराकडे जात. सोनार हसायचा. "रावसाहेब, लोक इथे सोनं घेऊन येतात, तुम्ही खिळे आणून राहिले."

"तुमचा काटा सोन्यालाच खरा आहे की लोखंडालाही?" जयसिंगराव विचारत. मग सोनार तोलून देई.

शिकारीच्या पात्याला धार लावताना कण्याखाली एक तांब्याचा पैसा ठेवत, म्हणजे कोन हलत नाही. एका अंगाला चाळीस हात, दुसऱ्या अंगाला चाळीस. शेवटचे दहा जोर न देता. मग चामड्याच्या पट्ट्यावर. मग परीक्षा. मिलमधलं सूत खुंटीला टांगायचं, खाली एक नट बांधायचा आणि पातं सुताला टेकवायचं. ओढायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. सूत तुटलं तर पातं पास. नाही तर पुन्हा चाळीस. पास झालेलं पातं तिळाच्या तेलात बुडवलेल्या चिंधीत गुंडाळायचं. शिकारीला निघण्याआधी पुन्हा एकदा सूत, कारण धार नुसत्या भात्यात हलूनही जाते. या शेवटच्या परीक्षेला दोन मिनिटं लागत.

बिजलपूरकडच्या शेतकऱ्यांना हे माहीत होतं. आज राजेंद्र नगर आहे त्याच्याही पुढे तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि नाल्यात डुकरं होती. बंदुकीचा परवाना असलेले थोडे. शेतकरी सायकलवरून निरोप घेऊन येत आणि जयसिंगराव सुटीच्या दिवशी जात. मोबदला घेत नसत. मटण कोणी दिलं तर आणत.

बरोबर त्यांचे मेहुणे कृष्णराव असत, पत्नी सखुबाईंचे धाकटे भाऊ. तेव्हा तिशीचे. मिलमध्ये विणकर, दोन लूम सांभाळत. विणकराला बसायला मिळत नाही. आठ तास उभं राहायचं, या लूमवरून त्या लूमवर गर्रकन वळायचं, तुटलेला धागा दिसला की तिकडे धावायचं. सगळी कमाई पायांची. शिकारीत नजर तीच कामी यायची. सुताचा एक धागा तुटलेला ज्याला दिसतो त्याला गवतावरचा रक्ताचा थेंबही दिसतो. माग काढायचं काम त्यांचं. तोंड मात्र बंद नसायचं.

"दाजी, डुकराला तुमचं नाव माहीत आहे," ते म्हणत. "म्हणून ते दुसऱ्याच्या शेतात जातं."

एक्कावन्न सालची खंडेनवमी. त्या दिवशी घरातली शस्त्रं आणि अवजारं देवापुढे ठेवतात, दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. जयसिंगराव दर वर्षी कमठा आणि सरावाची पाती ठेवत. शिकारीची पाती तेलाच्या चिंधीत कोनाड्यातच राहत. त्या वर्षी सखुबाईंची जाऊ आली होती. तिच्यासमोर सखुबाई म्हणाल्या, "अहो, देवापुढे बोथट काय ठेवता? चांगलं कपडा गुंडाळून आत आणि मोडकं देवाला?"

"ते मोडकं नाही. ते सरावाचं आहे."

"देवाला समजतं सगळं. लोकांना पण समजतं."

जाऊ हसली. जयसिंगरावांनी चिंधी सोडून बारा पाती पाटावर मांडली. सखुबाईंनी रीतीप्रमाणे त्यांना दूध-दह्यानं न्हाऊ घातलं, पाणी घातलं, ओली हळद आणि कुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. पाती तशीच ओली, रात्रभर राहिली.

दसऱ्याला सकाळी सातला शेतकरी दारात. भेरुलाल नाव. सायकल न लावताच बोलू लागला. "रावसाब, रात को पूरी जुवार लोटा दी. एक बड़ो सूअर है, नाला में ही बैठो है अभी. आज नी चल्या तो शाम तक दूसरो खेत गयो."

मिलला सुटी होती. जयसिंगरावांनी देवाला नमस्कार करून कमठा आणि चार पाती उचलली, हळदीकुंकू चिंधीनं पुसलं, पाती बाणांना बसवली. दगड काढला नाही, कारण दसऱ्याला शस्त्राला दगड लावायचा नाही ही त्यांच्या वडिलांची रीत. एवढं समजण्यासारखं आहे. पण सूत खुंटीवर टांगलेलंच होतं, नट बांधून. ते त्याच्या बाजूनं निघून गेले. दाराबाहेर भेरुलाल घाई करत होता, कृष्णराव सायकलची घंटी वाजवत होते. सुताची परीक्षा म्हणजे दगड नव्हे. ती घ्यायला कोणाची ना नव्हती.

मी तेव्हा बाहेर दात घासत उभा होतो. तिघे गेले ते पाहिलं. पुढचं कृष्णरावांनी मला दवाखान्यात सांगितलं.

डुक्कर नाल्याच्या वळणावर मिळालं. पंचवीस पावलांवरून बाण बसला, बरगडीच्या मागे, जिथे बसायला हवा तिथेच. नेमात चूक नव्हती. डुक्कर ओरडलं आणि घाणेरीच्या जाळीत घुसलं. तिघे बसून राहिले. अर्धा तास थांबायचं असतं, म्हणजे जनावर पडतं. मग कृष्णराव मागावर निघाले. पहिल्या दहा पावलांवर चार थेंब. पुढे दोन. पुढे काही नाही.

"दाजी, रक्त नाही."

"नीट बघा."

"मला रक्त दिसत नाही म्हणजे रक्त नाही. तुमचा बाण आहे ना हा?"

जयसिंगरावांनी भात्यातला दुसरा बाण काढून अंगठा पात्यावर फिरवला. धारेवर तांबूस खरखर होती. धार जितकी पातळ तितका गंज तिला आधी खातो, आणि दही तर लोखंडाला रात्रीत लागतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "कृष्णराव, परत या." तेवढ्यात जाळी हलली.

डुकरानं कृष्णरावांची डावी मांडी गुडघ्यापासून वर उघडली. जयसिंगरावांनी दुसरा बाण हातभर अंतरावरून मारला, तिसरा मारला, मग कमठा टाकून भेरुलालच्या कुऱ्हाडीनं ते संपवलं. फेटा फाडून मांडी बांधली. बैलगाडीत घालून इंदूरला आणायला दुपार झाली. जखमेत माती गेली होती. नवव्या दिवशी डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला.

जयसिंगराव रोज पाळी सुटल्यावर दवाखान्यात जाऊन बसत. अकराव्या दिवशी मी तिथे होतो. त्यांनी सांगून टाकलं.

"पात्याला दह्यानं गंज चढला होता. मी ते तपासलं नव्हतं."

कृष्णराव वर बघत होते. "किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं. ताईला दह्याचं सांगू नका. ती मरेल."

"नाही सांगणार."

"आणि उद्यापासून येऊ नका, दाजी."

जयसिंगराव पुन्हा गेले नाहीत. सखुबाई एकट्या डबा नेत. नवरा का येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मिलनं हात वर केले. अपघात मिलच्या बाहेरचा, सुटीच्या दिवशीचा. कृष्णराव सहा महिन्यांनी कुबड्यांवर आले तेव्हा लूमवर दुसरा माणूस उभा होता. विणखात्याच्या मुकादमानं त्यांना ताण्याची सुतं फणीत ओवायचं काम दिलं. बसून करायचं, बायकांचं काम म्हणत लोक, पगार निम्म्याहून कमी. शिवाय घर ते फाटक पाऊण मैल. कुबड्यांनी काखा सोलून निघत. पावसाळ्यात चिखलात कुबडी रुते, तेव्हा वस्तीतला एक हमाल त्यांना पाठीवर घेऊन फाटकाशी उतरवे. सातच्या पाळीला सगळी मिल आत जाताना ते बघे. विनोद बंद झाले होते. एकदाच म्हणाले, "पूर्वी माझ्याखाली दोन लूम होते, आता एक हमाल आहे."

पाय गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात जयसिंगरावांनी बारा पाती आमच्या वर्कशॉपात आणली. मी ग्राइंडर चालू करून दिला. त्यांनी एकेकाची धार चाकावर धरून गोल केली. पंधरा मिनिटांचं काम. पुढे त्यांनी कमठा हातात घेतला नाही.

उठणं मात्र चारलाच राहिलं. आता धारेचा तास आणि नेमाचा तास, दोन्ही दुसऱ्यांच्या अवजारांना. मल्हारगंजातल्या न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, सराफ्यातल्या हलवायांच्या सुऱ्या. पाळी संपली की मिळेल तेव्हा अर्धी जादा पाळी. रविवारी देवळाच्या रस्त्याला दगड घेऊन बसत. सुताची परीक्षा वस्तऱ्यालाही, सुरीलाही. एका शिंप्याची कात्री त्यांनी तीनदा परत ठेवून घेतली, शिंपी कंटाळून गेला तरी. बोटांची पेरं फुटली. चौपन्न साली उजव्या हाताचा अंगठा वाकेना, तेव्हा दगड डाव्या हातानं धरायला शिकले. ते शिकायला त्यांना पाच महिने लागले. पाच महिने रोज दोन तास. मी हे अंदाजानं सांगत नाही, भिंतीपलीकडून दगडाचा आवाज येई.

सखुबाई म्हणत, "पैसा कुठे जातो देव जाणे. घरात नवी वाटी आली नाही." ते पुढची सुरी हातात घेत.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात ते साठवलेले पैसे घेऊन मुकादमाकडे गेले आणि म्हणाले, यातून कृष्णरावांना पाय करवून द्या, त्यांना सांगा, कामगारांच्या निधीतून आहे. मुकादम बरा माणूस होता. कृष्णरावांना तो मुंबईला घेऊन गेला, कारागिरानं माप घेतलं, दोन महिन्यांनी खोका आला. डावा पाय, लाकडाचा, चामड्याचे पट्टे, गुडघ्यात खटका. पट्टे कमरेला बांधायला पंधरा मिनिटं लागत.

कृष्णरावांनी मुकादमाला विचारलं, लूम मिळेल का. मुकादमानं रिकाम्या लूमपुढे उभं करून पाहिलं. उभे राहिले. वळायला सांगितलं. खटका सुटला, मुकादमानं धरलं म्हणून पडले नाहीत. तिथे ते प्रकरण संपलं. ते पुन्हा सुतं ओवायला बसले आणि निवृत्तीपर्यंत तेच करत राहिले. निधीची गोष्ट त्यांनी खरी मानली की नाही, ते मी विचारलं नाही. दाजींशी ते बोलले नाहीत.

चार वर्षांच्या पहाटा, जादा पाळ्या आणि एक अंगठा. त्या मजुरीत लूम आला नाही. घरापासून मिलच्या फाटकापर्यंतचा पाऊण मैल आला, स्वतःच्या चालीनं, हमालाशिवाय.