चहाला गेलेला आमदार

दादाच्या सत्कारासाठी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या म्हणून मंडळी माझ्याकडे आली होती. देते की, म्हटलं, पण मग सगळंच लिहीन. मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

आमचे वडील बस डेपोत फिटर. दादा शिकला, वकील झाला आणि न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत त्याने पाटी लावली. जिना इतका अरुंद, की जाडजूड अशील आडवा होऊन चढायचा. अशील म्हणजे आमच्याच ओळीतले, भाड्याच्या गाळ्यात पोट भरणारे घड्याळजी, सायकलवाले, चष्मेवाले. मी त्याच ओळीत शिवणकाम करायचे. मालकाने घड्याळजीला हुसकायचा घाट घातला, तेव्हा दादा कोर्टात असा कडाडला की चहाच्या गाडीवरची माणसं हातात कप घेऊन दारात जमली. नियमित भाडं भरणाऱ्याला काढता येत नाही, हा कायदा त्याने मालकाच्या वकिलाला तोंडपाठ ऐकवला. मला त्याचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग आम्हीच त्याला निवडणुकीला उभा केला. कापडी फलक मी शिवले, घड्याळजी दारोदार फिरला. दादा आमदार झाला. आधी दर आठवड्याला यायचा, मग फक्त लग्नांना, मग नुसता फोटोत दिसायचा. कोर्टात कडाडणारा माणूस सभागृहात मिठाची गुळणी धरून बसला.

आणि एक दिवस आमचं रक्षण करणारा तोच कायदा रद्द करण्याचं विधेयक आलं. ते मंजूर झालं. अख्ख्या ओळीला गाळे सोडायच्या नोटिसा आल्या.

तेव्हा मात्र दादा हजर! अंगात काळा कोट, मागे फोटोवाला.

"घाबरू नकोस. सगळ्यांचे खटले मी फुकट लढणार. या वकीलपत्रावर कर सही."

"मतदानाच्या वेळी कुठे होतास?"

"अगं, पक्षाचा आदेश होता. विरोधात गेलो असतो तर पुढचं तिकीट गेलं असतं. म्हणून बाहेर चहाला गेलो. बाजूने मत दिलं नाही ना मी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पोटावर पाय येत होता आणि हा बशीत चहा ओतत होता!

"तोंड फुकट उघडायचं होतं ते तिथे, सभागृहात, दादा. आता इथे कशाला नाटकं करतोस?"

बाकीच्यांनी सह्या केल्या. बिचारे करणार तरी काय! मी केली नाही. कोर्टात एकटीच उभी राहिले. दादा मागच्या बाकावर बसला होता.

"नव्या कायद्यात तुम्हाला आधार नाही," न्यायाधीश म्हणाले. "गाळा सोडावाच लागेल. बाई, तुम्ही वकील का नाही दिलात?"

"वकील होता, साहेब," मी म्हटलं. "आम्ही त्याला निवडून दिला."